ऑर्नेट कोलमन : मोकळ्या सुराचा माणूस

लग्नाच्या वरातीत बँड वाजत असतो, तेव्हा त्यात एक वाकड्या मानेचं पितळी वाद्य तुम्ही पाहिलं असेल. खालच्या बाजूला त्याचं तोंड फुलासारखं वर वळलेलं असतं, अंगावर चाव्याच चाव्या असतात, आणि आवाज तर असा की कुणी माणूसच भरल्या गळ्यानं गातो आहे असं वाटावं. हा सॅक्सोफोन. अडोल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं हे वाद्य घडवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं, तरी सूर निघतो तो तोंडात धरायच्या बोरूच्या पातळ पातीमधून. आपल्या सनईला अशा पाती जोडीनं असतात, सॅक्सोफोनला एकच असते. आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून, विशेषतः गोव्याकडच्या वादकांमुळे, त्याचा आवाज घरोघर पोहोचला. नाव माहीत नसलं, तरी कानाला ओळख आहे.

आज मी तुम्हाला हे वाद्य वाजवणाऱ्या एका माणसाची हकीकत सांगणार आहे. त्याचं नाव ऑर्नेट कोलमन. जन्म ९ मार्च १९३० रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ शहरी. मृत्यू ११ जून २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये. या पंच्याऐंशी वर्षांत त्यानं जॅझ संगीताची एक मोठी चौकट मोडली, आणि जे मोकळं संगीत उभं केलं त्याला त्याच्याच एका ध्वनिमुद्रिकेवरून 'फ्री जॅझ' हे नाव पडलं. मोकळं व्हायचं म्हणजे काय काय टाकून द्यावं लागतं, आणि काय टाकून देता येत नाही, हे या माणसाच्या आयुष्यावरून चांगलं समजतं. शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बंधुभगिनींना तर त्यात विचार करण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी त्याचं बालपण पाहू. ऑर्नेट सात वर्षांचा असताना वडील गेले. आई रोझा शिवणकाम करून घर चालवी. तो काळ असा की टेक्सासमध्ये काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. बसायच्या जागासुद्धा वेगळ्या. अशा घरातल्या मुलाला सॅक्सोफोन हवासा वाटला. आई म्हणाली, हवा तर कमव आणि घे. पोरानं लोकांचे बूट पुसले, मिळतील ती कामं केली, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास वाद्य हातात आलं.

वाद्य आलं, पण गुरू कुठून आणायचा? फी द्यायला पैसे नव्हते. मुलानं पुस्तकं समोर घेऊन स्वतःच शिकायला सुरुवात केली. इथं एक गंमत झाली. पाश्चात्त्य संगीतात सुरांना इंग्रजी मुळाक्षरांची नावं असतात. आल्टो सॅक्सोफोन हे वाद्य असं आहे की कागदावर ज्या नावाचा सूर लिहिलेला असतो, त्याहून निराळाच सूर त्यातून निघतो. पियानोवर 'सी' म्हटलं तर एक सूर वाजतो, आल्टो सॅक्सोफोनवर 'सी' म्हटलं तर दुसरा. हे सांगायला कुणी नव्हतं. मुलानं आपल्या समजुतीनं सुरांची नावं लावून घेतली आणि तसाच वाजवत राहिला. पुढं चर्चच्या बँडमध्ये बसल्यावर घोटाळा उघडा पडला आणि त्याची चांगलीच थट्टा झाली. पण त्या घोटाळ्यातून त्याला एक प्रश्न मिळाला, आणि तो जन्मभर पुरला. नाव एक आणि आवाज दुसरा, असं जर असू शकतं, तर आपण खरं मानायचं ते नाव की आवाज?

तो ज्या शाळेत शिकत होता ती आय. एम. टेरेल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. तिथं वाद्यवृंद चांगला होता. ड्युई रेडमन, चार्ल्स मॉफेट, किंग कर्टिस असे पुढं नावारूपाला आलेले वादक याच शाळेतले. एक दिवस 'वॉशिंग्टन पोस्ट' हा जॉन फिलिप सूसाचा प्रसिद्ध लष्करी थाटाचा मार्च वाजवायचा होता. अशा मार्चमध्ये प्रत्येकानं कागदावर लिहिलेलंच वाजवायचं असतं. कदमताल करणाऱ्या शिपायांसारखं. ऑर्नेटनं मध्येच आपल्या मनाच्या ताना घेतल्या. परिणाम काय झाला असेल, हे शिक्षकांना सांगायला नको. त्याला वाद्यवृंदातून काढून टाकण्यात आलं.

आता हे सगळं नीट समजायला जॅझची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. घरात किंवा देवळात हार्मोनियम असेल तर एक करून पाहा. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. तीन सूर मिळून एक भरलेला आवाज निघेल. याला त्या संगीतात कॉर्ड म्हणतात. जॅझच्या एखाद्या चालीखाली अशा कॉर्डांची एक रांग ठरलेली असते. पियानोवाला ती ठराविक क्रमानं वाजवत जातो. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्या तबल्याचं आवर्तन जसं फिरून समेवर येतं, तसंच काहीसं हे आहे. वादक आधी मूळ चाल वाजवतो, मग तिच्यावर स्वतःची कल्पना लढवतो. मात्र त्या क्षणी खाली जी कॉर्ड चालू असेल, तिच्याशी जुळणारेच सूर त्यानं शोधायचे. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर नावाच्या थोर सॅक्सोफोन वादकानं आणि त्याच्या सोबत्यांनी ही विद्या इतक्या वेगाला आणि इतक्या बारकाव्याला नेली, की ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं.

कोलमन पार्करचा भक्त होता. पार्करच्या ताना त्यानं घोटल्या होत्या. पण त्याच्या मनात येई, की चाल वाजवताना जो भाव उठतो तो मला उजवीकडे नेतो आहे, आणि कॉर्डांची रांग म्हणते डावीकडे चल. मग मी कुणाचं ऐकायचं? आपल्याकडे 'चाकोरी' हा शब्द आहे. बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल रेघा म्हणजे चाकोरी. त्यात गाडी घातली की हाकणाऱ्याला झोप लागली तरी चालते. पण शेजारच्या वावरात वळायचं असेल, तर चाकोरी सोडताना गाडीला दणका बसतो. कोलमनला असे दणके पुष्कळ बसले.

१९४९ साली तो एका फिरत्या तमाशेवजा कंपनीत नोकरीला लागला. कंपनीचं नाव 'सायलस ग्रीन फ्रॉम न्यू ऑर्लिन्स'. गावोगाव खेळ करत हिंडायचं. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज इथं एका कार्यक्रमानंतर त्याला मारहाण झाली आणि त्याच्या सॅक्सोफोनचा चुराडा करण्यात आला. तोपर्यंत तो टेनर जातीचा, म्हणजे आकारानं मोठा आणि आवाजानं जाड असा सॅक्सोफोन वाजवी. त्यानंतर तो पुन्हा आल्टोकडे वळला. मग पी वी क्रेटन या गायकाच्या बँडबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसला पोहोचला. लोक सांगतात, की शेवटी शेवटी क्रेटन त्याला वाजवण्याचे नव्हे, तर न वाजवण्याचे पैसे देऊ लागला होता!

लॉस एंजेलिसमध्ये पोटासाठी त्यानं एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवण्याची नोकरी धरली. लोकांना वरच्या मजल्यावर न्यायचं, खाली आणायचं. आणि मधल्या वेळात लिफ्ट थांबवून संगीतशास्त्राची पुस्तकं वाचायची. रात्री हॉटेलांत, क्लबांत जिथं वादक जमून हौसेनं वाजवीत, तिथं तो आपलं वाद्य घेऊन जाई. पुष्कळदा असं होई, की हा मंचावर चढला की बाकीचे खाली उतरत. याला सूर कळत नाही, याला कॉर्ड कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. १९५४ साली त्याला नवं वाद्य घ्यायची वेळ आली, तेव्हा पितळी सॅक्सोफोन परवडेना. मग त्यानं इंग्लंडमध्ये तयार होणारा ग्राफ्टन जातीचा पांढरट प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला. ते खेळण्यासारखं दिसणारं वाद्य पाहून हसणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं. पण कोलमनला त्याचा आवाज मानवला. कोरडा, माणसाच्या बोलण्याजवळचा. पुढं अनेक वर्षं तीच त्याची ओळख झाली.

श्रोतेहो, इथं आपण क्षणभर थांबू. अशा वेळी माणूस काय करतो? एक तर चाकोरीत परत येतो, किंवा कडवट होऊन वाद्य खुंटीला टांगतो. कोलमननं तिसरी गोष्ट केली. त्यानं आपल्यासारखे कान असलेले सोबती शोधले. ठेंगणा खिशातला ट्रम्पेट वाजवणारा डॉन चेरी, ड्रमवर बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल, पुढं मोठ्या बास व्हायोलिनवर चार्ली हेडन. ही मंडळी कुणाच्या तरी घरी जमून तासन्‌तास सराव करीत. बाहेर वाजवायला कुणी बोलावत नव्हतं, पण सराव थांबला नाही. लोकांना जो बेबंदपणा वाटला, त्याच्यामागं अशी बरीच वर्षांची बैठक होती.

१९५८ साली कंटेम्पररी नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीचे मालक लेस्टर कोनिग यांच्याकडे तो आपल्या चाली विकायला गेला. चाली पियानोवर वाजवून दाखवायच्या होत्या, पण पियानो काही जमेना. तेव्हा त्यानं प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन काढला आणि वाजवून दाखवलं. कोनिग यांनी चालींबरोबर वादकालाही घेतलं. त्याच वर्षी पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढच्या वर्षी, २२ मे १९५९ रोजी, अटलांटिक कंपनीसाठी हॉलिवुडमध्ये 'द शेप ऑफ जॅझ टु कम' या ध्वनिमुद्रिकेचं काम झालं. नावाचा अर्थ असा, की उद्याच्या जॅझचं रूप.

या ध्वनिमुद्रिकेत पियानोच नव्हता. कॉर्डांची रांग सांभाळणारा पहारेकरीच कोलमननं घरी ठेवला! चार माणसं : सॅक्सोफोन, ट्रम्पेटच्या जातीचं छोटं वाद्य, बास आणि ड्रम. पहिलीच चाल 'लोनली वुमन', म्हणजे एकाकी स्त्री. लॉस एंजेलिसमध्ये नोकरी करताना एका चित्रांच्या दालनात त्यानं एका श्रीमंत स्त्रीचं चित्र पाहिलं होतं. तिच्याभोवती सुखाची सगळी साधनं होती आणि चेहरा मात्र विलक्षण उदास. त्यावरून ही चाल सुचली. खाली ड्रम घाईघाईनं धावत असतात, बास आपल्या ठिकाणी घुमत असतो, आणि या दोघांच्या वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ओढून ओढून, अगदी संथपणे विलाप करतात. घाई आणि दुःख एकाच वेळी चालू असतात. ज्यांनी घरातलं दुःख गिळून दिवसभर कामाला जुंपून घेतलं आहे, त्यांना ही चाल समजावून द्यायला नको.

कोलमनची पद्धत आपल्या कानाला खरं म्हणजे फार परकी वाटू नये. आपल्या गायकाच्या खाली कॉर्डांची रांग नसते. तंबोरा सा-प धरून असतो आणि गायक एकेक वाक्य वाढवत राग उलगडतो. कोलमनही चालीतून चाल काढत जातो. फरक आहे तो असा : आपल्या रागाला आरोह-अवरोह आहेत, वर्ज्य स्वर आहेत, त्यांची मर्यादा गायक पाळतो. कोलमननं तीही मर्यादा घेतली नाही. मग राहिलं काय? मूळ चालीचा भाव, लय, आणि सोबत्यांचे कान. या तीन गोष्टी मात्र त्यानं कधी सोडल्या नाहीत.

१९५९ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेनॉक्स इथल्या जॅझ शाळेत तो आणि चेरी गेले. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे जॉन लुइस यांनी त्यांची बाजू उचलून धरली. आणि १७ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या लहानशा क्लबात त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. दोन आठवड्यांसाठी आलेली मंडळी तिथं दोन महिन्यांहून अधिक राहिली. शहरातले नामवंत वादक, चित्रकार, लेखक सगळे ऐकायला येऊन गेले. लेनर्ड बर्नस्टाइन यांच्यासारखा मोठा वाद्यवृंदसंचालक खूश झाला. माइल्स डेव्हिससारख्या श्रेष्ठ ट्रम्पेटवादकानं नापसंती दाखवली. कुणी म्हणालं हा संत आहे, कुणी म्हणालं हा भोंदू आहे.

नापसंती दाखवणारे सगळे अडाणी होते असं समजू नका. ज्यांनी कॉर्डांची विद्या आत्मसात करण्यात उभं आयुष्य घातलं, त्यांना कुणी येऊन म्हणावं की याची गरज नाही, तर राग येणं साहजिक आहे. शिवाय त्यांची एक भीती खरी होती. मोकळेपणाच्या नावाखाली ज्याला काही येत नाही तोही मंचावर चढेल. असे लोक पुढं निघालेही. म्हणूनच कोलमनचं संगीत आणि नुसता गोंगाट यांतला फरक कळणं महत्त्वाचं आहे.

तो फरक पाहायचा तर २१ डिसेंबर १९६० चं काम पाहावं. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलमननं आठ वादक एकत्र बसवले. चार-चारांच्या दोन तुकड्या. एका बाजूला तो स्वतः, डॉन चेरी, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर बिली हिगिन्स. दुसऱ्या बाजूला एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. एक तुकडी डाव्या कर्ण्यातून ऐकू येते, दुसरी उजव्या. सुमारे सदतीस मिनिटं हे वादन अखंड चाललं. जॅझमध्ये इतकं लांबलचक अखंड वादन तोपर्यंत कुणी ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. १९६१ साली 'फ्री जॅझ' या नावानं ते बाहेर आलं. वेष्टणावर जॅक्सन पोलॉक या चित्रकाराचं चित्र होतं. रंगांच्या धारा सोडून केलेलं.

प्रथम ऐकताना वाटतं, बाजाराच्या दिवशी वेशीत उभे आहोत. आठही जण एकदम बोलत आहेत. पण दुसऱ्यांदा ऐकलं की व्यवस्था दिसू लागते. प्रत्येकाची पाळी येते. पाळी ज्याची असेल तो पुढं होतो, बाकीचे गप्प बसत नाहीत, तर त्याच्या बोलण्याला हुंकार देतात, एखादा शब्द उचलून धरतात, कधी टोकतात. एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होताना सगळे मिळून आधी बसवलेला छोटासा तुकडा वाजवतात. बास आणि ड्रम यांनाही पाळी आहे. आपल्या भजनात मुख्य बुवा अभंग सांगतो आणि टाळकरी झेलतात. इथं टाळकऱ्यालाही बुवाइतकाच मान आहे. आता विचार करा, कॉर्डांची रांग असताना एखादा वादक क्षणभर गाफील राहिला तरी रांग त्याला सांभाळून घेते. रांगच नाही म्हटल्यावर सांभाळणार कोण? शेजारचा. म्हणून शेजाऱ्याकडे कान द्यावाच लागतो. चाकोरी टाकून देता आली, पण ऐकणं टाकून देता आलं नाही. उलट ते दुपटीनं करावं लागलं. माझ्या मते कोलमनच्या साऱ्या कामाचं मर्म हे आहे.

नाव झालं, पण पैसा आला का? कोलमनच्या लक्षात आलं, की क्लबात गर्दी होते, ध्वनिमुद्रिका विकल्या जातात, आणि वादकाच्या हाती फार थोडं पडतं. त्यानं आपला दर वाढवून मागितला. क्लबवाल्यांनी तो दिला नाही. तेव्हा २१ डिसेंबर १९६२ रोजी त्यानं न्यूयॉर्कचा टाउन हॉल स्वतः भाड्यानं घेऊन कार्यक्रम केला, आणि त्यानंतर दोन वर्षं लोकांसमोर वाजवणं थांबवलं. त्या काळात तो ट्रम्पेट आणि व्हायोलिन शिकला, तेही पुन्हा आपल्याच पद्धतीनं. १९६५ साली तो परत आला. १९६६ मध्ये त्यानं एका ध्वनिमुद्रिकेत ड्रमवर बसवलं ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला. यावर सडकून टीका झाली. पोराला काही येत नाही, असं लोक म्हणाले. बापाचं म्हणणं असं, की मुलाच्या वाजवण्यात अजून कुणाची नक्कल शिरलेली नाही. तोच डेनार्डो पुढं कित्येक वर्षं वडिलांच्या बँडचा ड्रमर आणि त्यांच्या व्यवहारांचा व्यवस्थापक झाला.

१९६७ च्या जुलैमध्ये जॉन कोल्ट्रेन हा थोर सॅक्सोफोन वादक चाळिसाव्या वर्षी वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये कोलमननं वाजवलं, आणि मोकळ्या जॅझचा दुसरा मोठा वादक अल्बर्ट आयलर यानंही. ज्याच्याबरोबर एकेकाळी वादक मंचावर थांबत नव्हते, त्याला आता असा मान मिळू लागला होता.

या कहाणीत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. आशा पुथली या मुंबईत जन्मलेल्या आणि हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या गायिका अमेरिकेला गेल्या होत्या. १९७१ साली कोलमननं 'सायन्स फिक्शन' ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा तिच्यातली दोन गाणी त्यांच्याकडून गाऊन घेतली. त्या चाली अशा, की सूर कुठून कुठं उडी घेईल याचा नेम नाही. पियानोचा आधार नाही, पाठीमागं वाद्यांचा कल्लोळ. अशा ठिकाणी आशाताईंचा आवाज न डगमगता उभा राहतो. आधाराच्या कॉर्डांवाचून सूर धरायची सवय आपल्या तालमीत असतेच. ती त्यांना तिथं उपयोगी पडली असेल, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, त्यानं 'स्काइज ऑफ अमेरिका' ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली. १९७३ मध्ये तो मोरोक्कोच्या डोंगरातल्या जजूका गावी गेला आणि तिथल्या परंपरागत सनईवाल्यांबरोबर बसून वाजवलं. नंतर विजेच्या गिटारी घेऊन 'प्राइम टाइम' नावाचा नवा बँड काढला. या सगळ्यामागचा विचार तो 'हार्मोलोडिक्स' या स्वतःच घडवलेल्या शब्दानं सांगे. त्याची व्याख्या त्यानं अनेकदा केली आणि दरवेळी ऐकणारे गोंधळले! पण गाभा सोपा आहे : चाल, तिच्या जोडीचे सूर आणि लय या तिन्ही गोष्टींचा दर्जा सारखा, आणि कुठलंही वाद्य दुसऱ्याचा नुसता हरकाम्या नाही.

शेवटी मानसन्मान आले. २९ सप्टेंबर १९८३ हा दिवस फोर्ट वर्थ शहरानं 'ऑर्नेट कोलमन दिन' म्हणून पाळला. ज्या गावातल्या शाळेनं वाद्यवृंदातून काढलं, त्याच गावानं सत्कार केला. १९९४ मध्ये त्याला मॅकार्थर फेलोशिप मिळाली, २००१ मध्ये जपानचं 'प्रेमियम इंपिरियाले' हे पारितोषिक. २००७ साली 'साउंड ग्रामर' या ध्वनिमुद्रिकेला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. स्पर्धेसाठी ती कुणी पाठवलेलीही नव्हती. परीक्षकांनी आपण होऊन ती विचारात घेतली. तेव्हा कोलमनचं वय सत्त्याहत्तर होतं.

आता तुम्ही विचाराल, हे ऐकायचं कसं? शाळेत किंवा घरी मोबाइलवर हल्ली हे संगीत सहज मिळतं. सुरुवात 'फ्री जॅझ'पासून करू नका. आधी 'लोनली वुमन' ऐका. पाच मिनिटांची आहे. पहिल्यांदा फक्त सॅक्सोफोनकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा फक्त बासकडे. तिसऱ्यांदा ड्रमकडे. चौथ्यांदा चौघांना एकत्र ऐका. मुलांना घेऊन बसलात तर आणखी चांगलं. त्यांना विचारा, कोण कुणाशी बोलतं आहे? कोण कुणाला उत्तर देतं आहे? मुलं तुमच्याआधी सांगतील. आणि ऐकूनही आवडलं नाही, तर तसंही सांगायला हरकत नाही. माइल्स डेव्हिसलाही पहिल्यांदा आवडलं नव्हतं.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रार्थनेच्या रांगेत एखादा मुलगा भलताच सूर लावतो, किंवा पाढा म्हणताना एखादी मुलगी मध्येच थांबून 'असंच का?' म्हणून विचारते. अशा वेळी रांग सांभाळावीच लागते. पन्नास मुलांचा वर्ग मोकळा सोडून चालत नाही. त्या मुलांतला प्रत्येक जण कोलमन होणार आहे असंही नाही. बहुतेकांचं चुकलेलंच असतं आणि ते दुरुस्त करणं तुमचं काम आहे. पण दुरुस्त करण्याआधी एकदा नीट ऐकून घ्यावं, एवढंच माझं मागणं. त्याला पाठ येत नाही म्हणून त्यानं वाट सोडली, की त्याला दुसरं काही ऐकू आलं म्हणून, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.